गाण्यानं भांडण मिटतं का?

(सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात आम्ही भजनी मंडळांवर बोललो होतो. तो भाग ऐकून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या गावात दोन भजनी मंडळं आहेत, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं. पूर्वी एकच होतं. निवडणुकीवरून वाद झाला, मंडळ फुटलं. पेटी इकडे राहिली आणि पखवाज तिकडे गेला. "सहा वर्षं झाली," ताई म्हणाल्या, "तिकडची सून माझ्या शेजारच्याच शेतात खुरपते, पण आम्ही एकमेकींशी बोलत नाही. तुम्ही सांगता गाणं माणसं जोडतं. खरंच जोडतं का? की नुसतं म्हणायचं?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर लगेच देता आलं नाही. मग आम्ही ठरवलं की जिथं याहून कितीतरी मोठं भांडण झालं, रक्त सांडलं, तिथं लोकांनी गाण्याचा काय उपयोग केला ते बघावं. म्हणून आज आपण श्रीलंकेला जाणार आहोत.

श्रीलंका आपल्या आईला, आजीला ठाऊक झाली ती रेडिओमुळेच. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, त्यामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काटा फिरवला आणि समुद्रापलीकडचं रेडिओ सिलोन लावलं. दर बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागली की घरातली भांडी घासायची थांबायची. म्हणजे आपली गाणी आपल्याला परक्या देशानं ऐकवली. पण त्याच देशातली माणसं पुढे एकमेकांची गाणी ऐकेनाशी झाली. ते कसं झालं, ते आधी पाहू.

भांडण कशाचं होतं?

श्रीलंकेची लोकसंख्या साधारण दोन कोटींच्या घरात. २०१२ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले सुमारे ७५ लोक सिंहली. ते बहुतेक बौद्ध, काही ख्रिस्ती. सुमारे ११ लोक श्रीलंकेचे जुने तमिळ, बहुतेक हिंदू, काही ख्रिस्ती, मुख्यतः उत्तरेला आणि पूर्वेला राहणारे. सुमारे ९ मुस्लिम, त्यातले बरेच तमिळ बोलणारे. आणि चारेक चहाच्या मळ्यांवर काम करायला इंग्रजांनी भारतातून नेलेले तमिळ.

१९४८ साली देश स्वतंत्र झाला. १९५६ मध्ये कायदा झाला की राज्यकारभाराची भाषा एकच, सिंहली. ज्याला सिंहली येत नाही त्याला सरकारी नोकरीत पुढे जाणं अवघड झालं. कचेरीतला अर्जसुद्धा परक्या भाषेत. त्यातून राग साठत गेला. १९८१ मध्ये जाफना शहराचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं, त्यात सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळ लोकांवर भयंकर हल्ले झाले आणि तिथून युद्ध पेटलं. एका बाजूला सरकारचं सैन्य, दुसऱ्या बाजूला लिट्टे ही तमिळ सशस्त्र संघटना. ते २६ वर्षं चाललं आणि मे २००९ मध्ये लिट्टेच्या पूर्ण पराभवानं संपलं. एकंदर ८० हजार ते एक लाख माणसं गेली असावीत असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

यात कोणी एकच बाजू पाप केलेली आणि दुसरी धुतल्या तांदळासारखी, असं नव्हतं. सैन्याच्या मारगिरीत सामान्य तमिळ माणसं मेली. लिट्टेनं बसमध्ये, बाजारात बॉम्ब फोडले, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेनं उत्तरेतल्या साऱ्या मुस्लिमांना हाकलून लावलं. सत्तर हजारांहून जास्त माणसं, बहुतेकांना फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं.

आता विचार करा. जे मूल १९८३ साली जाफन्यात जन्मलं, ते युद्ध संपलं तेव्हा २६ वर्षांचं होतं. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता कित्येक वर्षं बंद होता. जाफन्याला जाणारी 'याळ देवी' ही रेल्वे १९९० मध्ये थांबली, ती ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा शहरापर्यंत पोचली. शाळाही भाषेप्रमाणे वेगळ्या. सिंहली मूल सिंहली शाळेत, तमिळ मूल तमिळ शाळेत. त्या मुलानं सिंहली माणूस पाहिला तो बहुधा गणवेशातला, हातात बंदूक घेतलेला. आणि दक्षिणेतल्या मुलीनं 'तमिळ' हा शब्द ऐकला तो बहुधा बातम्यांत, स्फोटाच्या आगेमागे. शेजारच्या घरी काय शिजतं, काय गातात, हे कुणाला ठाऊकच नाही. माणूस दिसेनासा झाला की मनात त्याचं भूत तयार होतं.

आधी मिसळलेलं होतंच

गाण्याकडे वळण्याचं कारण इथं सापडतं. देशाच्या राजकारणानं जे वेगळं केलं, ते तिथल्या गाण्यात आधीपासून एकत्र होतं.

तमिळ गावांमध्ये 'कूत्तू' नावाचं लोकनाट्य आहे. रात्रभर चालणारं, गाणं आणि नाच असलेलं, मोकळ्या जागेत गोल मंचावर होणारं. आपल्याकडच्या दशावताराची आठवण व्हावी असं. समुद्रकाठच्या ख्रिस्ती वस्त्यांमधून हे कूत्तू सिंहली लोकांकडे गेलं आणि त्याचं 'नाडगम' झालं. भाषा बदलली, पण चालींमध्ये तमिळ गंध राहिला. १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी एकाच भाषेचा कायदा झाला त्याच वर्षी, एदिरिवीर सरच्चंद्र या प्राध्यापकांनी 'मनमे' हे नाटक कोलंबोत उभं केलं. सिंहली रंगभूमीचं ते मानाचं पान समजलं जातं. आणि ते उभं राहिलं ते याच नाडगमच्या पायावर. पुढे पेरादेनियाच्या विद्यापीठात तमिळचे प्राध्यापक सु. वित्तियानंदन यांनीही सरच्चंद्रांचं काम पाहून खेड्यातल्या कूत्तूला नव्यानं उभं केलं. एकाच आवारात दोन भावंडं आपापला वाडा सारवत होती, आणि बाहेर मात्र वाटणी चालू होती.

आपल्याशीही एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या जहाजानं कोलंबोला जात. त्यांची पेटी-तबल्याची गाणी तिथल्या लोकांना इतकी आवडली की सिंहलीत 'नूर्ती' नावाचा नाटकाचा नवा प्रकार निघाला. जॉन डी सिल्वा या नाटककारांच्या १९०३ च्या 'सिरिसंगबो' नाटकात एक गाणं आहे, 'दन्नो बुदुंगे'. सिंहली बौद्ध माणूस ते डोळे मिटून, हात जोडून ऐकतो. त्याची चाल बांधली विश्वनाथ लॉजी यांनी. ते भारतातून गेलेले संगीतकार! म्हणजे जे गाणं 'आमचं, फक्त आमचं' म्हणून छातीशी धरलं, तेही पाहुण्यानं दिलेलं.

आणि वाद्यं पाहा. सिंहली लोकांचं 'उडेक्की' आणि तमिळांचं 'उडुक्कै', दोन्ही आपल्या डमरूच्या घराण्यातली. सिंहली मुली हातात काठ्या घेऊन 'ली केळी' खेळतात, तमिळ मुली 'कोलाट्टम'. आपण टिपऱ्या खेळतो तेच. एप्रिलच्या मध्याला येणारं नवं वर्षही दोघांचं एकच. त्या दिवशी सिंहली घरात बायका मोठ्या 'रबान' वाद्याभोवती बसतात. जमिनीवर ठेवलेला हा भला मोठा डफ, त्याखाली निखारे ठेवून चामडं तापवायचं आणि सगळ्याजणींनी मिळून दोन्ही हातांनी वाजवायचा. सासू, सून, शेजारीण, सगळ्या एकाच वाद्यावर.

'बायला' हा नाचरा प्रकार तर पोर्तुगीज आणि त्यांनी आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून आलेला. गोव्यातल्या माणसाला तो कानावर पडला तर ओळखीचा वाटेल. सहलीच्या बसमध्ये आपली मुलं 'सुरांगनी' म्हणून नाचतात ना, ते गाणं मूळ तिकडचंच.

जाफना आणि गॉल

युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मार्च २०११ मध्ये जाफन्यात तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. श्रीलंकेतली सेवालंका फाउंडेशन आणि नॉर्वेची सरकारी संगीत संस्था यांनी मिळून तो घडवला. नॉर्वेनं २००२ च्या युद्धबंदीत मध्यस्थी केली होती. ती युद्धबंदी टिकली नाही. पण बोलणी फसली तरी गाणं करून बघू, असा हा दुसरा रस्ता.

या महोत्सवात काय वेगळं होतं? एक तर तिथं सिनेमाचे तारे बोलावले नव्हते. बेटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून लोककलावंत आले. कूत्तू, नाडगम, सोकरी असे प्रकार एकाच मैदानावर आले. परदेशातलेही काही गट आले. दुसरं, जागा जाफना होती. राजधानीनं तमिळांना पाहुणे म्हणून बोलावलं नाही, तर दक्षिणेचे कलावंत लांबचा रस्ता तुडवून उत्तरेत गेले. वाटेत त्यांना पडलेली घरं दिसली, छाटलेली ताडाची झाडं दिसली, सुरुंगांच्या लाल पाट्या दिसल्या. आणि तिसरं, पुढच्या वर्षी म्हणजे २०१२ मध्ये हाच महोत्सव दक्षिणेच्या टोकाला, गॉल शहरात झाला. मग २०१३ मध्ये पुन्हा जाफना. असा एक वर्ष उत्तर, एक वर्ष दक्षिण.

हे आळीपाळीनं करणं फार महत्त्वाचं, मैत्रिणींनो. आपल्याला माहेर-सासर कळतं. जिचं नेहमी सासरीच जाणं होतं आणि जिच्या घरी कुणी येत नाही, तिचा मान राहत नाही. यजमान होण्यात मान असतो. पाणी विचारणं, बसायला देणं, आपलं अंगण दाखवणं. युद्धात हरलेल्या माणसांना तो मान परत मिळणं ही महोत्सवाची निम्मी कमाई.

नुसतं भेटून का भागत नाही?

गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. लोकांच्या मनातल्या आकसावर त्यांनी १९५४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून आकस जात नाही, कधीकधी वाढतोही. तो कमी व्हायला चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा त्या वेळेपुरता तरी सारखा हवा. दोघांपुढे काम एक हवं. ते काम एकमेकांच्या मदतीशिवाय होणार नाही असं हवं. आणि वरच्या लोकांचा, कायद्याचा, वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा.

आता या चार गोष्टी टिपऱ्यांच्या खेळात घालून पाहू. टिपऱ्या खेळताना लहान-मोठं कुणी नसतं, फेर सगळ्यांचा. काम एकच, ताल सांभाळायचा. आणि माझी टिपरी वाजण्यासाठी समोरचीची टिपरी वेळेवर यावीच लागते, नाहीतर बोटावर बसते. म्हणून मी तिच्याकडे बघते, तिच्या हाताचा अंदाज घेते. तिची भाषा मला येत नसली तरी पुढच्या मात्रेला ती कुठं असेल ते मला कळायला लागतं. समोरची कधी काय करेल ते कळायला लागणं, यालाच आपण विश्वास म्हणतो. भाषणं ऐकताना हे होत नाही. भाषण माणूस हाताची घडी घालून ऐकतो.

म्हणून संगीताच्या देवघेवीत दोन प्रकार वेगळे धरले पाहिजेत. एक प्रकार 'आधी तुमचं, मग आमचं' असा. एक गट गातो, दुसरा टाळ्या वाजवतो, आणि दोघं आपापल्या बसमध्ये बसून घरी जातात. याचा उपयोग आहे, पण थोडा. दुसरा प्रकार एकत्र शिकण्याचा. तुमची चाल मी शिकते, माझा ठेका तुम्ही शिका, आणि शेवटी मिळून एक काहीतरी उभं करू. यात वेळ लागतो, चुका होतात, हसू येतं. आणि चुकल्यावर जी मदत करते, तिच्याविषयी मनात भूत राहत नाही.

जिथं गाणं अपुरं पडतं

पण ही सगळी गोड बाजू झाली. फोन करणाऱ्या ताईंना आम्ही अर्धंच सांगितलं तर ते खोटं ठरेल.

श्रीलंकेच्या उत्तरेत हजारो बायांची माणसं युद्धात नाहीशी झाली. मेली म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. रेड क्रॉसकडे सोळा हजारांहून जास्त हरवलेल्यांची नोंद आहे. शेवटच्या दिवसांत काही आयांनी आपली मुलं सैन्याच्या स्वाधीन होताना डोळ्यांनी पाहिली, ती परत आलीच नाहीत. फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्ची, वावुनिया अशा गावांत या आया रस्त्याच्या कडेला मंडप घालून, मुलांचे फोटो हाती धरून बसू लागल्या. ऊन, पाऊस, वर्षामागून वर्षं. त्यातल्या कित्येक म्हाताऱ्या उत्तराची वाट बघत देवाघरी गेल्या. सरकारनं हरवलेल्यांसाठी कार्यालय काढायचा कायदा २०१६ मध्ये केला, पण या आयांना हवं ते साधं उत्तर आहे: माझं लेकरू कुठं आहे?

अशा आईला 'चला, सिंहली मैत्रिणींबरोबर रबान वाजवू' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तमिळ बायकांमध्ये 'ओप्पारी' असते. मेलेल्या माणसाभोवती गोल बसून, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, सुरात रडायचं, त्याचे गुण सांगायचे, देवाला जाब विचारायचा. आपल्याकडेही जुन्या बायका अशाच सूर धरून रडायच्या. युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत उत्तरेत मेलेल्यांसाठी उघडपणे एकत्र शोक करायलाही अडथळे आले. दिवे लावायला मनाई, स्मरणाला जमायला मनाई. एका बाजूनं महोत्सवाला परवानगी आणि दुसऱ्या बाजूनं रडण्याला मनाई, असं झालं तर लोकांना त्या महोत्सवाचा संशय येणारच. त्यांना वाटतं, आमच्या रडण्यावर झाकण घालायला ढोल वाजवताहेत.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्यांना एकत्र गायचं आहे, त्यांना आधी एकमेकींचं रडणं ऐकता आलं पाहिजे. अंगाईनं सुरुवात करता येते. तमिळमध्ये तिला 'तालाट्टु' म्हणतात, सिंहलीत 'नळविली'. मूल झोपवायची चाल कुठल्याही भाषेत हळूच झुलते. पण अंगाई गाऊन झाल्यावर एखादी म्हणाली, 'ज्याला मी ही गात होते तो हरवला', तर समोरच्या बाईनं उठून जायचं नाही. ऐकायचं. तिथून पुढं गाणं न्यायाच्या बरोबरीनं चालतं. न्यायाच्या जागी मात्र ते बसू शकत नाही.

एकाच चालीची दोन गाणी

राष्ट्रगीताचीच गोष्ट घ्या. श्रीलंकेचं राष्ट्रगीत रचलं आनंद समरकोन यांनी. ते शांतिनिकेतनात शिकून आलेले. त्याचा तमिळ तर्जुमा पंडित नल्लतंबी यांनी केला. अर्थ तोच, चाल तीच. पण सरकारी स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात १९४९ नंतर तमिळ गीत कधी ऐकू आलं नव्हतं. ते ४ फेब्रुवारी २०१६ ला गायलं गेलं. ते ऐकताना कित्येक तमिळ माणसांचे डोळे भरून आले. त्यांच्याच भाषेत त्यांच्याच देशाचं गाणं, तेही सरकारी सोहळ्यात.

गंमत अशी की त्याच दिवशी एका गायिकेनं 'दन्नो बुदुंगे' हे गाणं पाश्चात्त्य ऑपेराच्या ढंगात गायलं, आणि आमच्या पवित्र गाण्याचा अपमान झाला म्हणून गदारोळ उठला. ज्या गाण्याची चालच पाहुण्यानं बांधली, त्याला पाहुण्याचा ढंग चालेना! आणि २०२० च्या स्वातंत्र्यदिनाला तमिळ राष्ट्रगीत पुन्हा वगळलं गेलं. म्हणजे चार वर्षांत दार उघडलं आणि मिटलं. वरच्यांचा पाठिंबा लागतो असं ऑलपोर्ट म्हणाले ते याचसाठी. गावातल्या बायांनी कितीही फेर धरला तरी दाराची कडी ज्यांच्या हाती, त्यांची दानत बदलली की खेळ मोडतो.

रेडिओचं काम करणाऱ्या आम्हाला आणखी एका देशाची आठवण ठेवावी लागते. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. तिथं एक रेडिओ केंद्र होतं. ते नाचरी गाणी लावायचं आणि मधेमधे लोकांना मारायला चिथावायचं. सिमोन बिकिंदी या लोकप्रिय गायकाची गाणी त्यावर वाजत. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली, ती ध्वनिक्षेपकावरून हत्येला चिथावल्याबद्दल. गाण्यानं माणसं जोडली जातात, तशी ती एका बाजूला गोळा करून दुसऱ्याच्या अंगावरही घालता येतात. गाणं आपलं आपण चांगलं नसतं. ते कोण, कुणाबरोबर, कुणासाठी गातं, त्यावर सगळं.

त्याच रवांडात २००४ मध्ये ओदिल गाकिरे कातेसे या नाटकवाल्या बाईनं 'इंगोमा न्श्या' नावाचं बायकांचं ढोलपथक काढलं. तिथं बाईनं ढोलाला हात लावायचा नाही अशी जुनी रीत. मारलेल्यांच्या विधवा आणि मारणाऱ्यांच्या घरच्या बाया, दोघी त्यात आल्या. ढोल दोघींनाही नवा होता. कुणी आधीची गुरू नाही, कुणी आधीची शिष्या नाही. दोघींना सारखंच शिकायचं होतं, म्हणून दर्जा आपोआप सारखा झाला.

तर, ताई…

आता आपल्या फोनवाल्या ताईंकडे येऊ. गाण्यानं भांडण मिटतं का? आमचं उत्तर असं: गाणं भांडण मिटवत नाही. पण ज्यांना मिटवायचं आहे त्यांना ते जवळ बसायला कारण देतं. बाकीचं काम माणसांनाच करावं लागतं. श्रीलंकेकडे बघून आम्हाला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, यजमानपद वाटून घ्या. एकादशीचं भजन एकदा वरच्या आळीत, एकदा खालच्या. नेहमी एकाच देवळात बोलावलं तर दुसरी बाजू पाहुणीच राहील.

दुसरी, एकमेकींचं ऐकण्यावर थांबू नका, मिळून एक नवं बसवा. दोघींनाही न येणारं. एखादं नवं भारूड, नवा फुगडीचा फेर. जिथं कुणीच वरचढ नाही तिथं हसू लवकर येतं.

तिसरी, हिशेब झाकू नका. वादात कुणाचं खरंच नुकसान झालं असेल, पैसे अडकले असतील, कुणाला वाईट बोललं गेलं असेल, तर ते पंचांपुढं बोलायलाच हवं. भजनात ते बुडवून टाकलं तर कधीतरी वर येणारच.

चौथी, एकदाच करून सोडू नका. एका महोत्सवानं जाफना आणि गॉल जवळ आले नाहीत. वर्षाआड जाणं-येणं ठेवलं, म्हणून निदान वाट मळली.

हे भाषण रेकॉर्ड करण्याआधी आम्ही त्या ताईंना पुन्हा फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पेटी आमच्याकडं आहे. पण त्यांच्या पखवाजाशिवाय सहा वर्षं आमचा अभंग लंगडाच चालतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं." आम्ही म्हटलं, "ताई, मग आधी हेच तिला सांगा. शेताच्या बांधावर. गाणं नंतर."

त्यांनी सांगितलं की नाही ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तुमच्या गावात असं काही मोडलेलं असेल, किंवा पुन्हा जुळलेलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमचा आवाज असेल.

तोवर, नमस्कार.